काल रात्री गप्पा मारत होते, सकाळी ओळखेनात – हे वय नव्हे, डिलिरियम असू शकतं

सुरंगी_वळेसर (धागाकर्ती), मंगळवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. मी तळकोकणात सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, २२ वर्षं झाली, त्यातली बरीचशी मेडिसिन आणि हाडांच्या वॉर्डात गेली. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, गेल्या आठवड्यात एक प्रकार झाला म्हणून आज नाईट ऑफ आहे तर लिहूनच काढते. लांबेल, सांभाळून घ्या.

एक आजी, ऐंशीच्या आसपास. अंगणातल्या चिऱ्यावर शेवाळ धरलेलं, त्याच्यावरून पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या रात्री साडेनऊपर्यंत माझ्याशी बोलत होत्या, नातीच्या लग्नात किती पाट मांडले ते सांगत होत्या. पहाटे तीनला उठून बसल्या, सलाईन उपटलं आणि ‘माका घराक जावचा आसा, गुरांका पाणी दाखवचा रवला’ म्हणून ओरडायला लागल्या. सुनेला ओळखेनात, तिलाच चोर म्हणाल्या. सून बिचारी रडायला लागली. मुलगा म्हणाला, सिस्टर वय झालं आता, म्हातारचळ लागला. पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली ह्यांका कायतरी लागला, नारळ ठेवा. आणि आमच्यातलीच एक मुलगी हात बांधायला बँडेजचा रोल घेऊन आली.

मी आधी शुगर बघितली, ऑक्सिजन बघितला, दोन्ही ठीक. मग पोटावर हात ठेवला तर बेंबीच्या खाली कलिंगडासारखं टणक. दुपारी युरिनची नळी काढलेली, त्यानंतर आजींना लघवी झालीच नव्हती, आणि सांगायचं कुणाला ते त्यांना कळत नव्हतं. डॉक्टरांना उठवलं, नळी घातली, आठशे मिलीच्या वर लघवी निघाली. वर चार दिवस शौचाला झालेली नव्हती ते वेगळंच. दुखण्याची गोळीही रात्रीची चुकली होती. हे सगळं मार्गी लावलं तरी लगेच ताळ्यावर आल्या नाहीत हं, दोन दिवस लागले, मध्येच बऱ्या, मध्येच परत बरळायच्या. तिसऱ्या दिवशी सुनेला म्हणाल्या, तू जेवलंस काय गो.

ह्याला डिलिरियम म्हणतात. आपल्याकडे ह्याला जुना शब्द आहे. तापात माणूस बरळायला लागला की जुनी माणसं म्हणायची, वातात गेला. आणि हळूहळू विसरभोळेपणा वाढत जाऊन माणूस बदलतं त्याला म्हणायची म्हातारचळ, तो शब्द मला आवडत नाही पण शब्द दोन होते हे महत्त्वाचं. आता आपण दोन्हीला एकच उत्तर देतो, ‘वयोमानाने होतंय’. म्हातारचळ म्हणजे डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), तो महिन्यांनी-वर्षांनी येतो, दाराशी आलेला कळतही नाही. डिलिरियम तासांत नाहीतर दोन-तीन दिवसांत येतं, दिवसभरात वरखाली होतं, बहुतेकदा तिन्हीसांजेनंतर वाढतं, आणि लक्ष टिकत नाही ही त्याची खरी खूण. डिमेन्शिया सुरू झालेला माणूस काल काय जेवला ते विसरेल पण तुम्ही विचारलेला प्रश्न ऐकून घेईल. डिलिरियममधला माणूस तुमचं वाक्य संपेपर्यंत दुसरीकडे गेलेला असतो. आणि डिलिरियमच्या मागे नेहमी काहीतरी शरीरातलं कारण असतं, बऱ्याचदा बरं करता येण्यासारखं. म्हणून ते इमर्जन्सी आहे, छातीत दुखण्याइतकीच.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. पण डिलिरियमचा एक गप्प प्रकार असतो. पेशंट नुसता पडून राहतो, डोळे मिटलेले, हाक मारली तर हूं करतो, जेवत नाही. वॉर्डात असा पेशंट सगळ्यांना आवडतो कारण तो त्रास देत नाही. मी नोकरीत नवीन असताना अशा एक आजी होत्या, न्यूमोनियाच्या. त्यांची मुलगी मला दोन दिवस सांगत होती की आई अशी नसते हो, ती बोलकी आहे. मी ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला (हँडओव्हरला) दोन्ही दिवस सांगितलं, ‘पेशंट शांत, झोप चांगली’. तिसऱ्या दिवशी त्यांना वर हलवावं लागलं, त्या परत आल्या नाहीत. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. तिला डिलिरियम हा शब्द माहीत नव्हता पण निदान तिनेच केलं होतं, आणि मला शब्द पाठ होता, परीक्षेत लिहिला होता.

नंतर वाचलं की हे माझ्या एकटीचं नाही. अमेरिकेत २००१ साली शेरॉन इनूये ह्या डॉक्टरबाईंच्या गटाने सत्तरीच्या वरचे सुमारे ८०० पेशंट बघितले होते. ज्यांना डिलिरियम होतं त्यातल्या फक्त ३१ टक्के पेशंटमध्ये ते नर्सच्या लक्षात आलं होतं. जे निसटले त्यात गप्प प्रकारचे, ऐंशीच्या वरचे, नजर अधू असलेले आणि आधीच डिमेन्शिया असलेले जास्त. म्हणजे ज्यांना सगळ्यात गरज तेच.

तर घरच्यांना माझी हात जोडून विनंती. दवाखान्यात तुमच्या माणसाबद्दल ‘हे रोजच्यासारखे नाहीत’ असं वाटलं तर तेच शब्द वापरून सिस्टरला सांगा, आणि कधीपासून ते सांगा. ‘कालपासून’ ह्या एका शब्दाने पुढचं सगळं बदलतं.

पाणंद, दुपारी ४:०२

ताई, अंगावर काटा आला. माझ्या आजोबांचं शेवटचं आजारपण डोळ्यासमोर आलं, ते छतावरून मुंग्या गळतायत म्हणून पांघरूण झटकायचे. आम्ही सगळे वय वय म्हणत बसलो.

पण एक विचारते, रागावू नका. आमच्या वाडीत असं काही झालं की पहिलं देवापुढे गाऱ्हाणं घालतात, मग बघतात. घरच्या मोठ्यांना कसं सांगायचं? डॉक्टर हा शब्द काढला की म्हणतात तुझा देवावर विश्वास नाही.

सुरंगी_वळेसर, दुपारी ४:२५

@पाणंद, रागावू कशाला, माझ्या माहेरी पण हेच आहे आणि मी स्वतः राखणदाराला हात जोडल्याशिवाय बांधावरून जात नाही. मी नातेवाईकांना एवढंच सांगते, गाऱ्हाणं घरच्या एकाने घालावं, त्याच वेळी दुसऱ्याने रिक्षा काढावी. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. देवाला उशीर चालतो, रक्तातलं सोडियम (मीठ) उतरलं असेल तर त्याला चालत नाही. आणि पेशंटच्या समोर ‘लागलंय’ हा विषय नको, तो आधीच घाबरलेला असतो, त्याला खरंच काहीतरी दिसत असतं. धूर, ढोल, दहा माणसं भोवती जमली की भीती अजून वाढते.

मुंग्या दिसणं, भिंतीवर माणसं दिसणं हे डिलिरियममध्ये नेहमीचं. वाद घालू नका. ‘मला दिसत नाहीत पण तुम्हाला दिसतायत म्हणजे भीती वाटत असेल, मी आहे इथे’ एवढं पुरतं.

खाडीपलीकडे, दुपारी ४:५०

मी देवगड तालुक्यातून. आईला अल्झायमर आहे, ५ वर्षं होतील. मला नेमका हाच प्रश्न आहे की जिला रोजच काही आठवत नाही तिच्यात अचानक बदल झाला हे ओळखायचं कसं? गेल्या पावसात ती दोन दिवसांत एवढी बिघडली की चालायची बंद झाली, ताट समोर ठेवलं तर बघत बसायची. एका ठिकाणी दाखवलं तिथे सांगितलं आजार पुढच्या स्टेजला गेलाय, स्वीकारा. आम्ही स्वीकारलं. मग शेजारच्या आशाताईंनी येऊन ताप बघितला, अंगाला हात लावून काही कळत नव्हतं पण श्वास फार जोरात चालू होता. फोटो काढला तर छातीत इन्फेक्शन. अँटिबायोटिक झाल्यावर तीन आठवड्यांनी ती परत तुळशीला पाणी घालायला लागली. पूर्वीइतकी नाही झाली, पण तुळशीपर्यंत आली. ते तीन दिवस आम्ही स्वीकारून घरी बसलो असतो तर, हे मनातून जात नाही.

सुरंगी_वळेसर, संध्याकाळी ५:२०

@खाडीपलीकडे ताई, तुमच्या आशाताईंना माझा नमस्कार सांगा. श्वास मोजला त्यांनी, हेच नर्सिंग.

डिमेन्शिया असलेल्या माणसाला डिलिरियम व्हायची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते आणि ओळखणं सगळ्यात अवघड. डिमेन्शिया दोन दिवसांत पुढच्या स्टेजला जात नाही, अचानक घसरण झाली तर दुसरं काहीतरी शोधायचंच. (रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया पायरी-पायरीने घसरतो, पण तेव्हाही ती पायरी म्हणजे नवीन स्ट्रोक असू शकतो, म्हणजे दवाखाना आलाच.) म्हातारपणी इन्फेक्शनमध्ये ताप येईलच असं नाही, गोंधळ हीच कधीकधी पहिली खूण असते.

ओळखायचं कसं, तर तिचं रोजचं काय ते लिहून ठेवा. एक साधी वही. स्वतः जेवते का, कितीदा उठते, कुणाला ओळखते, संध्याकाळी काय करते, शौचाला कधी झाली. मी वॉर्डात डिमेन्शियाचा पेशंट आला की नातेवाईकांना पहिला प्रश्न हाच विचारते, मागच्या रविवारी ह्या कशा होत्या? केसपेपरवर तारखेनिशी लिहून घेते. ते लिहिलेलं नसेल तर पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला सगळंच ‘नेहमीचं’ वाटतं.

आणि भाषा. आमच्याकडे बाहेरून आलेले डॉक्टर पेशंटला छान पुस्तकी मराठीत विचारतात, ‘आपल्याला कुठे त्रास होतो आहे?’ आजी बघत राहतात. केसपेपरवर शेरा पडतो, प्रतिसाद नाही. मी जाऊन विचारते, ‘खय दुखता गो?’, आजी लगेच कंबर दाखवतात. डिमेन्शियात बऱ्याचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते, आईची भाषा जास्त टिकते. मुंबईत ४० वर्षं काढलेले गिरणीकामगार सुद्धा शेवटी मालवणीत येतात.

नवी_सिस्टर, संध्याकाळी ६:४५

मॅडम मी रायगड जिल्ह्यात एका खाजगी हॉस्पिटलला आहे, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन दीड वर्ष. खरं सांगते, आम्हाला म्हातारा पेशंट गोंधळला तर काय करायचं हे कुणी वॉर्डात शिकवलंच नाही. पुस्तकात मानसिक आजारांच्या धड्यात एक पान होतं. वॉर्डात शब्द एकच, पेशंट इरिटेबल आहे, को-ऑपरेट करत नाही, आरएमओंना (ड्युटीवरच्या डॉक्टरांना) फोन करा, इंजेक्शन द्या, झोपवा. रात्री ३० पेशंटला आम्ही दोघी असतो. मी पण हात बांधलेत. तुमचं वाचून रडू आलं पण मला सांगा दोघींनी करायचं काय? एक पडला तर नोकरी माझी जाते.

सुरंगी_वळेसर, रात्री ८:१५

@नवी_सिस्टर, बाळा तू लिहिलंस हेच खूप आहे. मीही बांधलेत हात. माणसं कमी हा प्रश्न खरा आहे, तो तू सोडवू शकत नाहीस आणि त्याचं ओझं तू घेऊ नकोस. पण जे दोघींना जमेल ते सांगते.

बांधल्याने पडणं थांबत नाही, बांधलेला माणूस सुटायची धडपड करतो, कठड्यावरून पडतो म्हणजे जास्त उंचीवरून पडतो, मनगटं सोलतात आणि डिलिरियम वाढतं. युरिनची नळी पण एक प्रकारे बांधणंच आहे, रोज विचारायचं, ही अजून हवी आहे का? सलाईन पण तसंच, माणूस तोंडाने पेज पितो तर सलाईन कशाला? काढता येत नसेल तर वरून बँडेज गुंडाळून बाहीत लपव, दिसलं नाही की ओढत नाहीत. खाट सगळ्यात खाली कर, सिस्टरच्या टेबलासमोर आण.

मग कारण शोध. मी मनात असं धरते की डोक्यापासून पायापर्यंत खाली यायचं. डोक्याला मार लागलाय का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का (पडल्यावर दोन-तीन आठवड्यांनी सुद्धा डोक्यात रक्त साचलेलं कळतं). तोंड, जीभ कोरडी आहे का, कवळी काढून ठेवलीय का. श्वास आणि ऑक्सिजन. पोट, लघवी तुंबलीय का, शौच कधी झाली. कंबरेची जखम, पाठीला बेडसोअर. पायाला सूज, लालसर आहे का. दुखतंय का. बोलता येत नसेल तर चेहरा बघ, कपाळाला आठ्या, कण्हणं, मुठी आवळलेल्या, हात लावला की ढकलणं. त्यासाठी पेनॅड म्हणून मोजपट्टी पण आहे, शून्य ते दहा. आणि शेवटी औषधांचा कागद, गेल्या ३ दिवसांत नवीन काय चालू झालं, नेहमीचं काय बंद पडलं.

ओळखण्यासाठी ‘फोर ए टी’ वापर, फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. पेशंट जागा-सावध आहे का, वय-जन्मतारीख-ठिकाण-साल सांगतो का, महिने उलटे म्हणतो का, आणि बदल अचानक झालाय का. चार किंवा जास्त गुण आले तर डिलिरियम असू शकतं, डॉक्टरांना आकड्यासकट कळवायचं. ‘सर पेशंट इरिटेबल आहे’ म्हटलं की इंजेक्शन येतं. ‘सर फोर ए टी ८ आहे, काल ० होता, लघवी सहा तास नाही’ म्हटलं की सर उठून येतात. हा फरक मी स्वतः बघितलाय.

फक्त आपल्या भागात दोन गोष्टी सांभाळ. जन्मतारीख शाळेत घातलेली असते, अर्ध्या गावाची १ जून, ती चुकली म्हणून गुण कापण्याआधी घरच्यांना विचार. आणि न शिकलेल्या आजींना डिसेंबर-नोव्हेंबर कसं येणार, मी वार उलटे म्हणायला लावते, आयतवारपासून मागे. त्याचे गुण काही त्या पट्टीत बसत नाहीत, पण शनिवार-शुक्रवारपर्यंत येऊन गाडी कुठे भरकटते ते ऐकून लक्ष टिकतंय का ते कळतं.

गावडॉक, रात्री ९:०५

मॅडमनी सगळं सांगितलंय, मी गेली १८ वर्षं राजापूरच्या बाजूला जनरल प्रॅक्टिस करतो, औषधांचं थोडं जोडतो कारण त्यात आमचाही दोष असतो.

सर्दी-खाजेची ‘साधी’ गोळी, म्हणजे क्लोरफेनिरामाइन, फेनिरामाइन असलेली, म्हाताऱ्यांना गोंधळात टाकते, लघवी तुंबवते आणि बद्धकोष्ठ करते, म्हणजे एका गोळीत तीन कारणं. नैराश्याची किंवा नसांच्या दुखण्याची अ‍ॅमिट्रिप्टिलिन, कंपाची ट्रायहेक्सिफेनिडिल, लघवीच्या घाईची ऑक्सिब्युटिनिन ही पण त्याच घराण्यातली. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलाम वगैरे, घेतल्याने गोंधळ होतो आणि वर्षानुवर्षं घेत असताना दवाखान्यात अचानक बंद झाल्या तरी होतो. मुंबईहून मुलांनी आणलेल्या गोळ्यांचा डबा दवाखान्यात जाताना आख्खा न्या, नावं सांगत बसू नका. डायबेटिसच्या गोळ्या चालू, आणि जेवण सुटलंय, असा माणूस सकाळी बरळत असेल तर आधी शुगर बघा, बाकी सगळं नंतर.

दुसरं. आपल्याकडे रोज संध्याकाळी थोडी घेणारे पुष्कळ आहेत आणि घरचे ते डॉक्टरला सांगत नाहीत, लाज वाटते. पाय मोडून अ‍ॅडमिट झाला, दारू अचानक बंद, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, साप-उंदीर दिसायला लागतात. हे वेगळं डिलिरियम आहे आणि जीव जाऊ शकतो. एरवी आम्ही झोपेच्या गटातली औषधं टाळतो, इथे मात्र तीच द्यावी लागतात, आणि थायमिन, म्हणजे बी-वन, ग्लुकोजच्या बाटलीच्या आधी. म्हणून खरं सांगा. आम्ही कुणाला सांगत नाही.

पेशंटला शांत करायला देतात त्या हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनबद्दल, ते डिलिरियम बरं करत नाही. पेशंट स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तरच, कमीत कमी डोस, थोडे दिवस. पार्किन्सन किंवा ल्यूई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर ते घातक ठरू शकतं. डिमेन्शियाच्या पेशंटमध्ये ह्या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो अशी ताकीद अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २००५ साली नव्या औषधांसाठी आणि २००८ साली हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांसाठीही दिलीय. ‘रात्री झोपत नाहीत, काहीतरी द्या’ म्हणून आलेल्या घरच्यांना मी हे समजावून सांगतो, वेळ जातो, पण सांगतो.

पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आणि उन्हाळ्यात बांदा-दोडामार्ग पट्ट्यात माकडताप हेही डोक्यात ठेवा, माकडतापात काहींना ताप उतरून परत चढतो तेव्हा मेंदूवर परिणाम दिसतो.

चाकरमानी_डोंबिवली, रात्री १०:३०

सगळं वाचून काढलं आणि हात थरथरतायत. माझे बाबा गावाला एकटे असतात, वेंगुर्ल्याच्या पुढे, वय ७६. रविवारी फोनवर नीट बोलले, आंब्याच्या खताचं सांगितलं. काल शेजारचे काका म्हणाले चालताना झोकांड्या जातायत, अंगणात उभे राहून आमच्या आईला हाका मारत होते, आई जाऊन ९ वर्षं झाली. आज दिवसभर झोपूनच आहेत. बाबा दारू घेत नाहीत. बीपीची गोळी चालू आहे, मागच्या महिन्यात बदलून दिली होती, आणि मीठ एकदम बंद केलंय त्यांनी स्वतःच. मी विचार करत होतो शनिवारी निघतो. काय करू?

सुरंगी_वळेसर, रात्री १०:३८

दादा शनिवार नाही. आत्ता. काकांना फोन करा, १०८ बोलवा नाहीतर गाडी बघा. बाबांना एकटं सोडू नका, झोपेत तोंडात पाणी-पेज घालू नका, ठसका छातीत जाईल, कुशीवर ठेवा. गोळ्यांचा डबा, चष्मा, कानाचं मशीन असेल तर ते बरोबर द्या. तिथे गेल्यावर काकांनी एकच वाक्य सांगायचं, ‘रविवारी चांगले होते, सोमवारपासून असे झालेत.’ पडले होते का तेही विचारा.

गावडॉक, रात्री १०:४४

सोडियम तपासायला सांगा. बीपीच्या काही गोळ्यांत लघवी वाढवणारा घटक असतो, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, त्यात मीठ बंद आणि वर हा घाम. शुगर आणि डोक्याचा सीटी पण, झोकांड्या जातायत म्हणून. घरी मीठपाणी पाजू नका कुणी, सोडियम खरंच कमी असेल तर ते हळूहळू आणि मोजूनच वाढवावं लागतं, घाईने वाढलं तर मेंदूला इजा होते.

चाकरमानी_डोंबिवली, रात्री १०:५१

काका निघाले. मी उद्या पहाटे निघतो, मिळेल ती गाडी.

मास्तर_निवृत्त, बुधवार, सकाळी ७:२०

रात्री झोप लागली नाही, त्यांच्या वडिलांची काळजी वाटत होती. मी कधी लिहीत नाही इथे, नुसता वाचतो. पण मी त्या बाजूने जाऊन आलोय म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी मला इन्फेक्शन रक्तात पसरून आयसीयूत ठेवलं होतं, तेव्हा मी ७१ चा. मला पक्कं माहीत होतं की मी एका पडावात आहे आणि पडाव भरकटलाय. मशीनचा आवाज म्हणजे इंजिन, छतावरचे दिवे म्हणजे मासेमारीच्या बोटी, आणि त्या निळे कपडे घातलेल्या मुली मला दर्यात टाकणार आहेत. मुलगा आला त्याला मी सांगितलं की पळ, हे तुलाही सोडणार नाहीत. तो हसला. माझ्या भल्यासाठीच हसला असेल, धीर द्यायला, पण मला वाटलं तोही त्यांना सामील. हात बांधलेले आठवतात. का बांधले ते कळत नव्हतं, मी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही, वर्गातल्या पोरांवरही नाही.

एक सिस्टर होती, केरळची असावी, मोडकं मराठी. ती दर वेळी यायची तेव्हा आधी समोर उभी राहायची, मास्क खाली करून चेहरा दाखवायची, आणि म्हणायची, ‘सर, मी सिस्टर. हॉस्पिटल. रत्नागिरी. सकाळ आठ.’ रोज तेच चार शब्द. तिने माझा चष्मा शोधून लावला. चष्मा लागल्यावर बोटी गेल्या, दिवे राहिले.

बरा झाल्यावर मी हे दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. वाटलं लोक म्हणतील मास्तर वेडे झाले होते. रात्री अजूनही कधी इंजिनचा आवाज येतो. पेशंटला काही आठवत नसेल असं समजू नका, आणि बरा झाल्यावर त्याला कुणीतरी सांगा की ते आजारपण होतं, तुझं डोकं फिरलं नव्हतं. मला डिस्चार्ज देताना कुणी सांगितलं नाही. काल ह्या धाग्यावर कळलं.

सुरंगी_वळेसर, सकाळी ८:०५

गुरुजी, काय लिहू. आमच्या वॉर्डात आज दुपारी मी हे सगळ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

त्या केरळच्या ताईंनी जे केलं त्यालाच आता मोठी नावं आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेत येलच्या हॉस्पिटलात ८५२ म्हाताऱ्या पेशंटवर हेच करून बघितलं, चष्मा-कानाचं मशीन लावणं, वेळ-ठिकाण सांगत राहणं, लवकर चालवणं, पाणी पाजणं, रात्री झोपू देणं. नेहमीच्या वॉर्डात १५ टक्के पेशंटना डिलिरियम झालं, ह्या पद्धतीने ९.९ टक्के. ह्यात एकही महाग गोष्ट नाही. आमच्याकडे एका भिंतीला मोठं घड्याळ आणि कॅलेंडर लावायला मला दोन वर्षं अर्ज करावे लागले, शेवटी पैसे आम्ही सिस्टरनीच काढले. रात्री दोनचं बीपी गरज नसेल तर घ्यायचं नाही हे अजून सगळ्यांना पटवते आहे.

खाडीपलीकडे, सकाळी ९:३०

गुरुजींचं वाचून आईजवळ जाऊन बसले. मी पण समोरून न येता मागून हाक मारायचे तिला.

नवी_सिस्टर, सकाळी ११:१०

मॅडम काल नाईटला एक आजोबा होते, दोन दिवस नुसते पडून, सगळे म्हणायचे शांत आहेत. मी फोर ए टी केलं, ९ आलं. आरएमओ सरांना आकडा सांगितला. आधी वैतागले पण आले. ऑक्सिजन ८६ होता, म्हणजे खूप कमी, आणि बोटाचा प्रोब कालपासून नीट लागलेलाच नव्हता म्हणून कुणाला कळलं नव्हतं. मुलाला बोलावून विचारलं बाबा घरी कसे असतात तर म्हणाला अहो ते भजनात पखवाज वाजवतात.

सुरंगी_वळेसर, सकाळी ११:४०

शाब्बास. हँडओव्हरला लिहिलंस ना? पखवाजाचं पण लिही.

चाकरमानी_डोंबिवली, रविवार, रात्री ८:५०

उशिरा लिहितोय, माफ करा. त्या रात्री काकांनी बाबांना नेलं, तिथे सोडियम ११६ आलं, फारच कमी. सीटी नॉर्मल. पुढे गोव्यात बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला हलवलं. डॉक्टर म्हणाले अजून एक-दोन दिवस गेले असते तर फिट येऊन कोमात गेले असते. काकांनी ते ‘रविवारी चांगले होते’ वाक्य तीन ठिकाणी सांगितलं, पाठ केल्यासारखं. ती बीपीची गोळी बदलली.

पहिले दोन दिवस बाबा मला भाऊ समजत होते, आईला हाक मारायचे. मी आधी सांगायचो आई नाही हो आता, की परत नव्याने रडायचे. तिथल्या सिस्टर म्हणाल्या सांगू नका, तिच्याबद्दल विचारा त्यांना. मग मी विचारलं, आई कशी होती? तासभर बोलले. मला माहीत नसलेल्या गोष्टी.

काल सकाळी उठून म्हणाले, पेपर इलो? आणि मग, तू कधी इलंस? आज घरी आणलं. अजून संध्याकाळी थोडे गोंधळतात, पण कालच्यापेक्षा कमी. मी १५ दिवस रजा टाकलीय.

सुरंगी_वळेसर, रात्री ९:१२

देव पावला दादा. संध्याकाळी दिवे आधीच लावा, अंधार पडायच्या आत. पूर्ण ताळ्यावर यायला काही आठवडे जातील, तोवर डिमेन्शियाची तपासणी वगैरे कुणी म्हणालं तर आत्ता नको, नीट उतरल्यावर बघू. सोडियम परत कधी तपासायला सांगितलंय?

चाकरमानी_डोंबिवली, रात्री ९:२०

गुरुवारी. काका येणारेत बरोबर.